'आमेन' म्हणताना जीभ अडते तेव्हा

पत्र

मी सोलापुरात एका रुग्णालयात परिचारिका आहे. वय ३६, जन्मापासून कॅथलिक. गेल्या वर्षी आई गेली. शेवटच्या दिवशी तिला गिळता येत नव्हतं, म्हणून फादरांनी पवित्र भाकरीचा एक कण चमचाभर पाण्यातून दिला. ती शांत झाली. मी मात्र तेव्हापासून कोरडी पडले आहे. रविवारी मिस्सेच्या उपासनेत कम्युनियनसाठी, म्हणजे पवित्र भाकर घ्यायला, रांगेत उभी राहते, फादर 'ख्रिस्ताचे शरीर' म्हणतात, मी 'आमेन' म्हणते, आणि आतून कोणीतरी म्हणतं, खोटं बोलतेस. मावसबहीण प्रोटेस्टंट घरात दिली आहे. ती म्हणते, ती फक्त आठवण आहे गं, तुम्ही लोक उगाच जिवाला लावून घेता. माझा आठ वर्षांचा मुलगा यंदा पहिल्या कम्युनियनच्या वर्गाला जातो. परवा त्याने विचारलं, "आई, ते खरंच येशू असतात का?" मी उत्तर न देता स्वयंपाकघरात निघून गेले. मी कम्युनियन घेणं थांबवावं का?

एक भगिनी, सोलापूर

उत्तर

प्रिय भगिनी,

थांबवू नका. पुढे सविस्तर लिहितो आहोत, पण पाळीवर निघायची घाई असेल आणि एवढंच वाचून होणार असेल, तर एवढं पुरे. तुमच्या पत्रात कम्युनियन सोडावं असं काही नाही.

कम्युनियन कोणी घ्यावं याच्या अटी चर्चने मोजक्याच ठेवल्या आहेत. गंभीर पाप मनावर असेल तर आधी फादरांपुढे पापनिवेदन करावं, एक तास उपास पाळावा आणि हेतू सरळ असावा. सतराव्या शतकात युरोपात एक कडक विचार पसरला होता. 'मी पात्र नाही, माझी भक्ती पुरेशी नाही' असं म्हणत चांगली माणसं महिनोन् महिने वेदीपासून लांब राहायची. त्या भीतीचा पगडा पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ राहिला. पोप दहावे पायस यांच्या काळात, २० डिसेंबर १९०५ च्या आदेशाने, यावर स्पष्ट उत्तर आलं. ज्याच्यावर गंभीर पाप नाही आणि ज्याचा हेतू सरळ आहे, त्याला कोणी अडवू नये. सरळ हेतू म्हणजे सवयीने, मिरवण्यासाठी किंवा लोकांना दाखवण्यासाठी न घेता, देवाच्या जवळ जावं आणि आपल्या दुबळेपणावर औषध मिळावं म्हणून घेणं. मन भरून आलं पाहिजे, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, अशी अट त्यात कुठेही नाही.

आता 'खोटं बोलतेस' म्हणणाऱ्या त्या आवाजाबद्दल. 'आमेन' हा हिब्रू शब्द. त्याच्या मुळाशी पक्केपणाचा अर्थ आहे, भार टाकला तरी न ढळणाऱ्या गोष्टीचा. मराठीत 'विश्वास' म्हटलं की आपण आपलं मन तपासायला लागतो, 'भरवसा' म्हटलं की ज्याच्यावर ठेवायचा तो समोर येतो. तुमचं 'आमेन' दुसऱ्या शब्दाच्या जवळचं आहे. 'मला आत्ता काहीतरी जाणवतंय' असा अहवाल तुम्ही फादरांना देत नसता. 'हे माझे शरीर आहे' असं ज्याने म्हटलं, त्याच्या शब्दावर तुम्ही भार टाकत असता. ऑपरेशनच्या आधी संमतिपत्रावर सही करणारे रुग्ण तुम्ही रोज पाहता. हात थरथरतो, भूलतज्ज्ञाचं नावही नीट माहीत नसतं, तरी माणूस सही करतो आणि टेबलावर आडवा होतो. हात थरथरला म्हणून ती सही खोटी ठरत नाही.

पण सगळीच अडचण एका जातीची नसते, आणि इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. 'मला काही जाणवत नाही' हा कोरडेपणा. 'हे कसं होतं ते कळत नाही' ही बुद्धीची अडचण. या दोन्हींत पाप नाही. 'चर्च सांगतं ते मला मान्य नाही, ही नुसती भाकर आहे असं मी ठरवलं आहे', हा नकार. हा नकार मनात पक्का झाला असेल तर मात्र 'आमेन' म्हणू नये. मिस्सेला यावं, छातीवर हात बांधून आशीर्वाद घ्यावा आणि फादरांशी बोलावं. तुम्ही नाकारलेलं नाही. नाकारणाऱ्याला मुलाच्या प्रश्नापासून स्वयंपाकघरात पळावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज विचारवंत कार्डिनल न्यूमन यांनी म्हटलं होतं की दहा हजार अडचणी एकत्र केल्या तरी त्यांची एक शंका होत नाही. दोन्हींची जातच वेगळी आहे.

ही अडचण तुमच्यापासून सुरू झालेली नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढा. कफर्णहूमच्या सभास्थानात येशू म्हणतो, मी देणार आहे ती भाकर म्हणजे माझा देह. लोक लगेच वाद घालतात, हा आपला देह आम्हाला खायला कसा देईल? इथे तो म्हणू शकला असता की बाबांनो, मी उपमा देतोय. तो उलट शब्द आणखी जड करतो. ५४ व्या ओवीपासून मूळ ग्रीकमध्ये खाण्यासाठी दुसरंच क्रियापद येतं, चावून, दातांनी खाण्याचं. शिष्यांपैकीच पुष्कळ जण म्हणतात, हे वचन कठीण आहे, आणि ६६ व्या ओवीत ते निघून जातात. येशू त्यांना परत बोलवत नाही. तो आपल्या बारा निवडक शिष्यांकडे वळतो, तुम्हीही जाणार का? त्यांतल्या पेत्राच्या उत्तरात 'हे कसं होतं ते आम्हाला समजलं' असं काही नाही. तो म्हणतो की प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार? सार्वकालिक जीवनाची वचनं तुझ्याजवळ आहेत. चर्चने पेत्राकडून घेतलेला विश्वास हा असा आहे.

मग चर्च नेमकं काय शिकवतं? प्रयोगशाळेत तपासली तर त्या भाकरीत गव्हाचं पीठच सापडेल. यात लपवण्यासारखं काही नाही, कारण रंग, चव, वजन बदलतं असं चर्चने कधी म्हटलेलंच नाही. वस्तू कशी दिसते, लागते, मोडते हे एक. ती वस्तू मुळात काय आहे, तिचं सत्त्व काय, हे दुसरं. चर्चच्या १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने आणि १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने सांगितलं ते हे की रूप तेच राहतं, सत्त्व बदलतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात पुष्कळदा नोटेचं उदाहरण देतात, कागद तोच पण छापल्यावर पाचशे रुपये. ते अर्ध्या वाटेपर्यंतच नेतं. नोटेची किंमत आपण सगळ्यांनी मानली म्हणून असते, आणि मानणं थांबलं की काय होतं ते नोव्हेंबर २०१६ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. वेदीवरचा बदल आपल्या मानण्यावर उभा नाही. तुमचं मन कोरडं असलेल्या रविवारीही तो तितकाच खरा असतो. तुमच्या स्थितीत याहून दिलासा देणारी गोष्ट नाही: त्याची उपस्थिती टिकवून धरायचं काम तुमच्या अंगावर नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या आईची. भाकरीचं रूप आहे तोवर त्या प्रत्येक कणात संपूर्ण ख्रिस्त आहे, शरीर, रक्त, आत्मा आणि देवपण यांसह. चमच्यातून दिला म्हणून तिला कमी मिळालं नाही. गिळता न येणाऱ्या रुग्णाला अगदी बारीक कण थोड्या पाण्याबरोबर देणं ही योग्य पद्धत आहे. मरणाच्या उंबरठ्यावर दिल्या जाणाऱ्या कम्युनियनला चर्च लॅटिनमध्ये जे नाव देतं त्याचा अर्थ वाटखर्ची. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, शिदोरी. व्हिएतनामचे बिशप न्गुयेन वान थुआन १९७५ मध्ये पकडले गेले आणि १३ वर्षं कैदेत राहिले, त्यांतली नऊ एकांतकोठडीत. बाहेरच्या लोकांनी त्यांना 'पोटाचं औषध' असं लिहिलेल्या बाटलीतून थोडा द्राक्षरस-मद्य पाठवला. तळहातावर मद्याचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करत. मोठं काही नसलं तरी चालतं, हे त्या तळहाताने आणि त्या चमच्याने सारखंच दाखवलं.

आई शांत झाली आणि तुम्ही कोरड्या पडलात, यामागे तुमचा दोष शोधू नका. फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेसा १८९६ च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ ला मरण येईपर्यंत विश्वासाच्या अंधारात होती. त्या दिवसांत तिने श्रद्धेची घोषणा लिहून काढली आणि छातीपाशी बाळगली. कम्युनियननंतरच्या प्रार्थनेत तिला झोपही लागायची. तिचं म्हणणं असं की लेकरू झोपलेलं असलं तरी आईबापांना तितकंच लाडकं असतं. मदर तेरेसांनी आयुष्याचा बहुतेक उत्तरार्ध असाच काढला. त्यांच्या भगिनी १९७३ पासून रोज एक तास पवित्र साक्रामेंतापुढे, म्हणजे त्या पवित्र भाकरीपुढे, बसतात. तो तास सुरू झाला तेव्हा मदर स्वतः अंधारातच होत्या.

आता मावसबहिणीबद्दल. अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून सोलापुरात प्रोटेस्टंट मंडळ्या आहेत, आणि कितीतरी घरांत दोन्ही चर्चची माणसं एका ताटात जेवतात. तिच्याशी वाद घालू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. 'माझ्या स्मरणार्थ हे करा' हे शब्द आपल्याही मिस्सेत रोज असतात, त्यामुळे 'आठवण' हा तिचा शब्द चुकीचा नाही, अपुरा आहे. वल्हांडणाचं, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या यहुदी सणाचं, भोजन करताना प्रत्येक पिढीतल्या यहुद्याने आपण स्वतःच मिसरातून बाहेर पडलो असं मानायचं असतं. त्या आठवणीत घडून गेलेली गोष्ट आजची होते, आणि येशू त्या मेजावर बोलत होता. साधारण इ.स. ५५ मध्ये करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना प्रेषित पौल विचारतो, आपण मोडतो ती भाकर ख्रिस्ताच्या शरीराची सहभागिता नाही काय? इ.स. ११० च्या सुमारास अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस हुतात्मा व्हायला रोमला नेले जात होते. वाटेत लिहिलेल्या पत्रात ते ही भाकर ख्रिस्ताचा देह असल्याचं न मानणाऱ्यांपासून सावध करतात. तेव्हा ही शिकवण मध्ययुगात कोणी रचली, असं कोणी म्हणालं तर ते बरोबर नाही. बहीण पहिल्या कम्युनियनला आली तर आनंदाने बसवा. ती कम्युनियन घेणार नाही, आशीर्वादाला मात्र येऊ शकते. यात तिचा अपमान नाही. ते 'आमेन' म्हणजे या वेदीशी आणि या चर्चशी पूर्ण एक असल्याची कबुली असते, आणि जी कबुली ती देत नाही ती तिच्याकडून कोणी वदवून घेऊ नये.

रुग्णालयातल्या मैत्रिणी 'तुमच्या चर्चमध्ये प्रसाद देतात ना?' असं विचारत असतीलच. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला, पंढरपूरला, कुठेही गेलं तरी प्रसाद येईल त्याला मिळतो, मग तुमच्याकडेच का नाही? त्यांना इतकं सांगा की प्रसाद म्हणजे देवाला वाहून परत मिळालेलं अन्न, आणि इथे देव स्वतःलाच देतो असं आम्ही मानतो, म्हणून ते मानणाऱ्यालाच देतात. असं सांगताना तुम्ही काय मानता हे तुमच्याही कानांवर पडेल, आणि ते पडायला हवं.

आता रविवार. हा भाग सावकाश वाचा, कारण कोरडेपणाची निम्मी कारणं इथल्या घाईत सापडतात.

तुमच्या पाळ्या बदलत्या. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते. रविवारी ड्यूटीवर रुग्णांना सोडून निघणं शक्य नसेल तर मिस्सा चुकली म्हणून पाप लागत नाही, त्याबद्दल मन खात बसू नका. रात्रपाळी करून आलात आणि शरीर मोडून आलं असेल तर झोप काढा आणि उशिराची किंवा संध्याकाळची मिस्सा धरा. डोळे मिटत असताना भक्ती जाणवली नाही, तर त्याचं कारण झोप आहे. चर्चच्या फलकावर भाषाही पाहा. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी, इंग्रजी बोलतात. ज्या भाषेत तुम्ही आईशी भांडायचात त्या भाषेतली मिस्सा मिळत असेल तर तिलाच जा.

उपास एक तासाचा, आणि तो मिस्सा सुरू होण्यापासून मोजायचा नसून कम्युनियन घेण्यापासून मोजायचा. मिस्सा आठला असेल तर कम्युनियन साधारण पावणेनऊला येतं. साडेसातनंतर काही न खाल्लं तर निश्चिंत. पाणी आणि औषध केव्हाही चालतं. ड्यूटी सुटताना घेतलेला कँटीनचा चहा मात्र उपास मोडतो. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना या तासाची सक्ती नाही.

शनिवारी रात्री दुसऱ्या दिवसाचं शुभवर्तमान एकदा वाचा, दहा मिनिटं पुरतात. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं आणि पाठ सगळीकडे तेच असतात. त्यातला एकच शब्द किंवा एकच माणूस मनात ठेवा. चर्चमध्ये दहा मिनिटं आधी पोहोचा. मोबाइल सायलेंटवर न ठेवता बंद करा, कारण थरथरला की हात जातोच. पवित्र भाकर ठेवलेल्या पेटीजवळचा तांबडा दिवा पाहा. तो जळतोय याचा अर्थ प्रभू आत आहे. तिकडे तोंड करून उजवा गुडघा जमिनीला टेकवा, नुसता वाकवून सोडू नका. मन येत नसेल तर शरीराला आधी येऊ द्या.

अर्पणाच्या वेळी फादर द्राक्षरसात पाण्याचा एक थेंब टाकतात. त्या क्षणी आठवड्यातली एकच गोष्ट वेदीवर ठेवा, ठरावीक, नाव घेऊन: वॉर्डातला अमुक बेडवरचा रुग्ण, घराचा हप्ता, आईची रिकामी खाट. 'सगळ्यांसाठी' असं म्हणून टाकलेलं अर्पण आपल्याच मनात ठरत नाही. भाकर उंचावली की येशूचा शिष्य थोमा याचे शब्द मनात म्हणा, माझ्या प्रभू, माझ्या देवा. तोही शंका घेऊनच आला होता.

रांगेत पुढच्याचे कपडे दिसतात, मुलाकडे लक्ष जातं, चालायचंच. हातावर घेत असाल तर डावा हात वर, उजवा खाली. डाव्यावर भाकर आली की उजव्या हाताने तोंडात घ्या. आपण उजव्या हातानेच जेवतो, त्यामुळे हे आपल्याला शिकवावं लागत नाही. भाकर द्राक्षरसात बुडवून देत असतील तर ती फक्त जिभेवर. 'ख्रिस्ताचे शरीर' हे शब्द पूर्ण ऐका, मग ऐकू येईल असं 'आमेन' म्हणा. पुटपुटलेलं 'आमेन' आपल्याच कानापर्यंत पोहोचत नाही आणि मग आतला तो दुसरा आवाज मोठा वाटतो. तिथेच बाजूला होऊन भाकर घ्या आणि तळहाताकडे एकदा पाहा. कण राहिला असेल तर जिभेने टिपा.

यानंतरची पंधराएक मिनिटं सगळ्यांत मोलाची, आणि बहुतेक चर्चमध्ये सगळ्यांत गडबडीची. गायन, मग घोषणा, मग बाहेर गाड्या काढायची घाई. घोषणा ऐका, पण शेवटच्या आशीर्वादानंतर पाच मिनिटं बाकावर बसून राहा. येशूला नावाने हाक मारा. एका गोष्टीसाठी आभार माना. एक गोष्ट सांगा. एक मागा. मग गप्प राहा. 'काही वाटतंय का' हे तपासत बसू नका. तव्यावरची भाकरी सारखी उचकून पाहिली की ती फुगत नाही. या वेळात तुमच्या मनाकडे वळून पाहिलंत की लक्ष त्याच्यावरून निघून तुमच्यावर येतं. कोरडेपणा त्याने संपत नाही, उलट मुक्कामाला येतो. भावना आली तर येऊ द्या, न आली तर हिशेब ठेवू नका.

आठवड्यासाठी योहान ६ चे सहा तुकडे करा. सोमवारी २२ ते ३४, मंगळवारी ३५ ते ४०, बुधवारी ४१ ते ५१, गुरुवारी ५२ ते ५९, शुक्रवारी ६० ते ६५, शनिवारी ६६ ते ७१. रोज एकदा, मोठ्याने, पाच मिनिटं. सलग चार आठवडे तेच. नवीन काही शोधू नका. यूट्यूबवरचे ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांचे व्हिडिओ या महिन्यात बाजूला ठेवलेले बरे. चर्चने तपासून मान्य केलेल्या घटना आहेत, पण त्या मानायचं बंधन कोणावर नाही. आणि रक्त दिसलं म्हणून बसलेला भरवसा, पुढच्या रविवारी साधी पांढरी भाकर समोर आली की पुन्हा डगमगतो. त्यापेक्षा ड्यूटीवरून येताना चर्च उघडं दिसलं तर आत जाऊन त्या तांबड्या दिव्यासमोर पंधरा मिनिटं बसा. पुस्तक नको. 'प्रभू, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक' हे मार्काच्या नवव्या अध्यायातल्या एका बापाचं वाक्य आहे. येशूने त्याला परत पाठवलं नाही, त्याचा मुलगा बरा केला.

पापनिवेदनाला जा, पण रविवारच्या मिस्सेआधीच्या पाच मिनिटांत नको. मागे रांग असते आणि बोलणं अर्धंच राहतं. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी फोन करून वेळ घ्या. सुरुवात कशी करायची ते सुचत नसेल तर असं म्हणा: "फादर, ख्रिस्तशरीरावरची शिकवण मी नाकारत नाही, पण आई गेल्यापासून ती मनाला लागत नाही, आणि 'आमेन' म्हणताना मी खोटी आहे असं वाटतं." मग जी खरी पापं असतील ती वेगळी सांगा. आपोआप मनात येणारी शंका पापांच्या यादीत घालू नका. घातली की मन रोज तीच शोधत बसतं.

आणखी एक, तुम्ही परिचारिका आहात म्हणून थेट लिहितो. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, चर्चच नाही तर मुलाचं हसणंही पोहोचत नसेल, आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर हा विश्वासाचा प्रश्न नसून नैराश्य असू शकतं. डॉक्टरांकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोला. औषध घेणं आणि कम्युनियन घेणं एकमेकांच्या आड येत नाही.

मुलाला आजच उत्तर द्या. तो प्रश्न पुन्हा विचारेल याची वाट पाहू नका, आई या विषयावर निघून जाते हे त्याने पाहिलं आहे. त्याला म्हणा: "हो, खरंच येशू असतो. दिसायला भाकर, पण येशू म्हणाला हे माझं शरीर आहे, आणि येशू खोटं बोलत नाही. कसं होतं ते मलाही पूर्ण कळत नाही. मला कधी कधी अवघड जातं. तरी मी त्याच्या शब्दावर भरवसा ठेवते." इतकं पुरे. तुमचं सगळं दुःख त्याच्यासमोर मोकळं करू नका, पण सगळं सोपं आहे असंही भासवू नका. १९१० मध्ये दहाव्या पायस यांच्याच काळात लहान मुलांसाठी साधारण सात वर्षांचं वय ठरलं. तेव्हा मुलाकडून अपेक्षा एवढीच ठेवली की त्याने आपल्या वयाप्रमाणे मुख्य गोष्टी जाणाव्यात, ही भाकर आणि घरची भाकर यांतला फरक ओळखावा आणि जमेल तितक्या भक्तीने यावं. 'येशूचा तुकडा' म्हणू नका, तुकड्यातही तो पूर्ण असतो. 'मांस होतं' म्हणू नका, मूल घाबरतं. दात लावला की रक्त येतं, ही गोष्ट कोणी सांगितली असेल तर पुसून टाका. चावून खाल्लं तरी चालतं.

वेदीवरची भाकर फक्त गहू आणि पाण्याची, यीस्ट न घातलेली असते. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणीवर वाढलेल्या मुलाला ती अगदीच बेचव लागेल आणि टाळूला चिकटेल. म्हणून वर्गात आशीर्वाद न दिलेल्या भाकरीवर सराव घेतील तेव्हा त्याने आवर्जून घ्यावा, तोंड वाकडं करायचं ते तिथेच करून घेऊ द्या. हातातून पडलीच तर घाबरायचं नाही, पाय न देता थांबायचं, फादर उचलतात. त्याचं पहिलं पापनिवेदन कम्युनियनच्या आधी होईल. त्या दिवशी तुम्हीही त्याच्या मागे रांगेत उभ्या राहा. हॉल, केक आणि फोटोग्राफर यांचं ठरवायला लागलात की हातातला महिना त्यातच जातो. आम्हाला विचाराल तर जेवण घरीच ठेवा.

आईचं वर्षश्राद्ध जवळ येत असेल. चर्चच्या ऑफिसात जाऊन तिच्या नावाने मिस्सा लावा. तिचं पूर्ण नाव आणि तारीख एका कागदावर लिहून द्या, ती तारीख दुसऱ्या कोणाला दिलेली असू शकते म्हणून दोनतीन आठवडे आधी जा. दान किती ते तिथेच सांगतात, आणि ज्याला जमत नाही त्याची मिस्सा अडत नाही. मुख्य प्रार्थनेत मृतांची आठवण येते तिथे फादर तिचं नाव घेतील. त्या दिवशी मुलाला शेजारी बसवा, आणि कम्युनियनच्या वेळी तो अजून घेत नसला तरी त्याला रांगेत बरोबर घेऊन जा.